चुकीची नोंद

१८५५ साली कलकत्त्यात दोन हौशी खेळाडू बुद्धिबळाचा एक डाव खेळले. पांढऱ्या मोहऱ्यांकडे होते जॉन कॉक्रेन हे स्कॉटिश बॅरिस्टर. काळ्यांकडे होते महेशचंद्र बंद्योपाध्याय. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे नाव 'मोहेशचंदर बॅनर्जी' असे येते. अठराव्या खेळीला कॉक्रेन यांच्या घोड्याने एफ७ वरचे प्यादे मारले आणि काळ्या वजिरावर हल्ला केला. महेशचंद्रांनी उत्तरादाखल आपला घोडा पटाच्या कडेला, ए५ वर नेला आणि पांढऱ्या वजिराला धमकी दिली. पुढच्या तीन खेळ्यांत मात होती. घोडा एच६ वर जातो आणि घोड्याचा व मागच्या वजिराचा असा दुहेरी शह बसतो. राजा कोपऱ्यात सरकतो. पांढरा वजीर राजाच्या शेजारी, जी८ वर जाऊन बळी जातो, कारण काळ्या हत्तीला तो मारावाच लागतो. मग तोच घोडा एफ७ वर परततो आणि राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडून मरतो.

आता प्रश्न असा, की चूक कोणती?

पहिले उत्तर सगळ्यांना सुचते: घोडा कडेला नेला ती. पण पट मांडून पाहिले की हे उत्तर टिकत नाही. त्या क्षणी काळ्याने वजीर हलवला असता तरी मात टळत नव्हती, आणि शहाच्या वाटेत मध्ये घातला असता तर वजीरच जात होता. म्हणून दुसरे उत्तर एक खेळी मागे जाते. महेशचंद्रांनी तेव्हा उंटाने पांढरा उंट मारला होता. फुकटचे मोहरे म्हणून नव्हे, ती मारामारी समोर दिसत होती म्हणून. तिसरे उत्तर आणखी मागे, चौदाव्या खेळीपाशी थांबते. तिथे काळ्याने राजाजवळचा हत्ती एफ८ वरून ई८ वर सरकवला. त्या खेळीला कारण होते. पांढऱ्या उंटाची नजर ई७ च्या प्याद्यावर होती आणि हत्ती त्याच्या राखणीला गेला. पण त्यामुळे एफ७ चे प्यादे एकट्या राजाच्या भरवशावर राहिले. राखणीला नेलेला तोच हत्ती अखेरीस जी८ वर ओढला जातो आणि राजाची शेवटची वाट अडवतो.

तीन माणसे, तीन उत्तरे. जो फक्त हिशेब पाहतो तो शेवटच्या खेळीवर बोट ठेवतो, जो मोह ओळखतो तो मारामारीवर, आणि जो कारणे शोधतो तो त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या हत्तीवर. हा वाद आज घालता येतो, कारण कॉक्रेन यांनी महेशचंद्रांबरोबरचे डाव लिहून ठेवले आणि काही लंडनला छापायला पाठवले.

याच्या शेजारी दुसरा एक डाव ठेवून पाहू. प्रेमचंदांनी १९२४ साली हिंदीत 'शतरंज के खिलाड़ी' लिहिली, उर्दूत तीच कथा 'शतरंज की बाज़ी' झाली. कथेचा काळ वाजिद अली शाहाच्या पाडावाचा, म्हणजे १८५६ चा. कलकत्त्याच्या डावानंतर जेमतेम वर्षभराचा. मिर्झा आणि मीर एका खेळीवरून भांडतात, भांडण बापजाद्यांवर घसरते आणि तलवारी निघतात. या कथेची चर्चा आपण नेहमी सरंजामी वर्गाच्या बेफिकिरीची कथा म्हणून करतो, आणि ते रास्तच आहे. पण बुद्धिबळाच्या बाजूने पाहिले तर तिथे एक साधी वस्तू नाही: कागद. खेळी काय झाली याला दोघांच्या शब्दापलीकडे पुरावा नाही. शब्द मोडला की अब्रू मोडते, आणि मग चुकीवर वाद होत नाही, माणसावर होतो.

आपल्याकडे बुद्धिबळावर लिहिलेच गेले नाही असे मात्र नाही. १८१४ साली, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचा तो अनुवाद होता. युरोपीय पद्धतीच्या खेळाशी जुळवून घेतल्याचे त्याच्या शीर्षकातच सांगितले आहे, कारण देशी नियम वेगळे होते: प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. या पुस्तकाचा भर निवडक, पेचाच्या स्थितींवर आहे. शिकणाऱ्याने त्या सोडवायच्या आणि स्मरणशक्तीला व्यायाम द्यायचा. अशा कूटात उत्तर आधीच ठरलेले असते. चूक करायची मुभा असते ती फक्त वाचकाला, आणि वाचकाची चूक कुठेही नोंदली जात नाही. प्रत्यक्ष डावात मात्र दोघेही चुकतात आणि त्या चुकांमधूनच डाव घडतो. संस्कृतात कूटे जपली गेली. महेशचंद्रांचे डाव जपले ते प्रतिस्पर्ध्याने, त्याच्या लिपीत.

ज्याच्या हाती नोंद त्याच्याकडेच चूक ठरवण्याचा अधिकार जातो. महेशचंद्र घोडा एफ६ वर आणून, राजाच्या बाजूचे प्यादे एक घर सरकवून त्यामागे उंट बसवत. ज्यांची प्यादी एकेक घरच चालत आली, त्यांना हे स्वाभाविक होते. दोन-दोन घरे झेपावून पटाचा मध्य बळकावणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय नजरेला ते आडवळणी वाटे. पुढे १९२० च्या दशकात युरोपातल्या नव्या पिढीने याच मांडणीला डोक्यावर घेतले आणि 'इंडियन डिफेन्स' हे नाव रूढ झाले. वर सांगितलेल्या १८५५ च्या डावाची सुरुवात आज ग्रुनफेल्ड बचाव म्हणून ओळखली जाते, कारण अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी तो १९२२ मध्ये पुढे आणला. महेशचंद्र तो डाव हरले, पण त्यांच्या सुरुवातीच्या खेळ्या चूक नव्हत्या. हे कळायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली, आणि तोवर त्यांना दुसऱ्याचे नाव लागले होते.

दिल्लीचा इथे संबंध येतो तो १९२८ मध्ये. त्या वर्षी इथे झालेली अखिल भारतीय स्पर्धा पंजाबातल्या मिठा टिवाणाच्या मीर सुलतान खान यांनी एकही डाव न हरता जिंकली. युरोपीय नियम त्यांनी काही वर्षांपूर्वीच शिकले होते. पुढच्याच वर्षी आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्याबरोबर ते लंडनला गेले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकले. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. एका युरोपीय प्रतिस्पर्ध्याने बरोबरीचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा मांडला, उत्तर येईना. शेवटी त्याने विचारले, तुमचा खेळाडू बोलतो तरी कोणती भाषा? दुभाषा म्हणाला, बुद्धिबळाची. किस्सा गोड आहे, पण त्यातली उणीवही पाहावी. पटावर बोलायला बुद्धिबळाची भाषा पुरते. डाव संपल्यावर 'मी इथे काय पाहिले, काय पाहिले नाही' हे सांगायला माणसाची भाषा लागते, आणि सुलतान खान यांच्या वतीने ते बहुधा इतरांनीच सांगितले. ते निरक्षर नोकर होते, हे इतक्यांदा छापले गेले की २०२० मध्ये आलेल्या त्यांच्यावरच्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातही नोकर हा शब्द आला. त्यांच्या कुटुंबाने या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला. इथे एका आयुष्यावरची टीप दुरुस्त करून मागितली जात होती.

आज दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये हौशी खेळाडूंच्या स्पर्धांना तोटा नाही. दिल्ली इंटरनॅशनल ओपनसारख्या मोठ्या स्पर्धेत कमी रेटिंगच्या खेळाडूंचे स्वतंत्र गट असतात, आणि तिथे शाळकरी मुलगी, निवृत्त कारकून आणि आयटीतला तरुण एकाच रांगेत बसतात. दीर्घ मुदतीच्या डावात प्रत्येकाला स्कोअरशीटवर खेळ्या लिहाव्याच लागतात. म्हणजे जो कागद मिर्झा आणि मीरपाशी नव्हता आणि महेशचंद्रांच्या वतीने दुसऱ्याने भरला, तो आता प्रत्येकाच्या हाती आहे. फिडेच्या नियमांप्रमाणे मोहऱ्यांची आद्याक्षरे आपापल्या भाषेतली वापरायलाही मुभा आहे. मराठी माणसाने 'घो' आणि 'ह' लिहिले तर ते नियमात बसते. बहुतेक जण इंग्रजी अक्षरेच लिहितात, त्यात सोय आहे.

पण सभागृहाबाहेर, चहाच्या कपाभोवती वाद सुरू झाला की भाषा परत येतात. हत्ती म्हटले की मराठी आणि हिंदी माणसाच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यातले मोहरे येते. बंगाल्यासाठी कोपऱ्यात नौका असते आणि हत्ती, म्हणजे गज, तिरपा चालतो. रशियन भाषेतही तसेच. तमिळ भाषक ज्याला मंत्री म्हणतो तो तिरपा चालणारा, आपला उंट. हिंदीतला वजीर वेगळाच. तेव्हा महेशचंद्रांच्या डावाबद्दल 'हत्तीने घात केला' असे मराठीत लिहिले आणि कुणी ते जसेच्या तसे बंगालीत नेले, तर चौदाव्या खेळीचा दोष सतराव्या खेळीतल्या उंटावर जाऊन बसेल. एका शब्दाने चूक तीन खेळ्या पुढे सरकेल. १९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत आंध्रचे डी. वेंकय्या आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. अशा दोघांना एकमेकांच्या चुका कोणत्या शब्दांत सांगता येत असतील, हा प्रश्न भाषांतर करणाऱ्याला सुटत नाही.

हल्ली हा वाद फार काळ चालत नाही. खेळाच्या जागी फोनला बंदी असते, पण फाटकाबाहेर पालक मुलाची स्कोअरशीट घेऊन खेळ्या फोनमध्ये भरतात आणि इंजिन काही सेकंदांत आकडा दाखवते: इथे डाव गेला. ते बहुतेक वेळा बरोबरच असते. मात्र त्याला ठाऊक असते ती उत्तम खेळी. खेळणाऱ्याला ती का दिसली नाही, हे त्याला ठाऊक नसते. आणि हौशी खेळाडूची चूक त्या 'का'मध्येच असते. नियमांत एक सवलत आहे. पाच मिनिटांहून कमी वेळ उरला आणि दर खेळीला तीस सेकंदांची भर मिळत नसेल, तर खेळी लिहिणे सोडता येते. बहुतेक घोडचुका नेमक्या तिथेच होतात. म्हणजे कागद जिथे मुका होतो तिथे खेळाडूची आठवण हाच एक साक्षीदार उरतो, आणि समोर फोनवरचा आकडा चमकत असताना ती साक्ष कुणी मागत नाही.

कलकत्त्याच्या डावात नेमके हेच हरवले आहे. त्यातल्या खेळ्या आपल्याकडे आहेत, आणि आजचे कोणतेही इंजिन त्यांचा निकाल सांगेल. हत्ती सरकवताना महेशचंद्रांना ई७ च्या प्याद्याची भीती होती की आणखी काही बेत होता, हे कॉक्रेन यांनी विचारले असले तरी लिहिले नाही, आणि महेशचंद्रांचा स्वतःचा शब्द कुठे छापला गेला नाही. दिल्लीतल्या एखाद्या सभागृहात आज हरलेली दहा वर्षांची मुलगी हे सांगू शकते, हिंदीत, मराठीत, मल्याळममध्ये, जशी जमेल तशी. स्कोअरशीटची मागची बाजू कोरी असते. फोन उघडण्याआधी तिथे दोन ओळी लिहून घ्यायला फारसा वेळ लागत नाही.