निळा रंग कुणाचा?

सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा घ्या. एक इंचाला एक मैल. महाड ४७ एफमध्ये, पोलादपूर ४७ जीमध्ये. मधून अठरा अक्षांशाची रेघ. सावित्रीचं एकच खोरं बघायला दोन कागद जोडावे लागतात.

नकाशाची भाषा सरळ. चढ-उतार तपकिरी, वस्ती तांबडी, शेत पिवळं, जंगल हिरवं, पाणी निळं. महाबळेश्वरावरून उतरलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, गांधारीला पोटात घेते नि बाणकोटच्या खाडीला मिळते. पावसाळ्यात शंभर इंचांवर पाऊस. उन्हाळ्यात मात्र डोंगरातल्या वाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी वणवण. अशा मुलखात तळं म्हणजे जीव.

आता महाडात चवदार तळं शोधा. निळंच आहे. नदीला जो रंग, तोच तळ्याला. पण ह्या निळ्यात हात कुणी बुडवायचा, हे नकाशा सांगत नाही. गुराढोरांना तिथं मज्जाव नव्हता. आम्हांला होता.

१९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा सवर्णांच्या काठ्या निघाल्या. मग १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. वर कोर्टात गेले, म्हणाले तळं आमच्या खाजगी मालकीचं. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. सवर्णांना अनादी रूढी सिद्ध करता आली नाही. एका ओंजळीचा हिशेब व्हायला दहा वर्षांना तीन दिवस कमी लागले.

पिवळ्या रंगाचंही तेच. राबलं कूळ, धान्य गेलं खोताच्या कणगीत. नकाशात दोघांचं शेत एकाच रंगाचं. बाबासाहेबांनी १९३७ साली खोतीविरुद्ध बिल आणलं. खोती नष्ट करणारा कायदा झाला १९४९ ला.

सर्व्हेवाल्यांनी डोंगराची उंची फुटात मोजली. पाणी वरून खाली कसं जातं ते बरोब्बर दाखवलं. जातीचाही उतार असतोच की! वरच्यानं वरून ओतायचं, खालच्यानं खाली ओंजळ धरायची. त्या उताराची रेघ कुठल्याच नकाशात नाही.

म्हणून नकाशा फाडू नका. तो खोटा नाही, अर्धा आहे. त्याच्या शेजारी गावचा सातबारा ठेवा, त्याच्या शेजारी १९३७ चा निकाल ठेवा. तिन्ही कागद एकत्र वाचा. आमच्या खोऱ्याचा इतिहास तिथून लिहायचा आहे, नि तो आपणच लिहायचा आहे.