शंभरावर आठ

'वेळ नाही' हे दोन शब्द मराठी माणूस दिवसातून जितक्या वेळा उच्चारतो, तितक्या वेळा तो देवाचे नावही घेत नसेल. लग्नाला का आला नाहीत? वेळ नव्हता. वाचनालयाचे पुस्तक सहा महिने घरी का? वाचायला वेळ नाही. मग परत तरी करा! तेवढा वेळ असता तर वाचलेच नसते का? पण गंमत अशी की, ज्याला खरोखरच वेळ नसतो तो माणूस ही तक्रार करताना दिसत नाही. तो आणखी एक काम अंगावर घेताना दिसतो. गणपतीची वर्गणी, सोसायटीचे इतिवृत्त, रक्तदान शिबिराचे फलक ही सगळी कामे गावातल्या सर्वांत गुंतलेल्या माणसाकडेच वळतात. रिकामा माणूस रिकामाच राहतो. हा अर्थशास्त्राचा नियम आहे. बी.कॉम.ला तो शिकवला नाही, एवढेच.

या जातीच्या माणसांचा मराठीतला मूळपुरुष शोधायचा तर मी पुण्याच्या गोपाळ हरी देशमुखांकडे बोट दाखवीन. लोक त्यांना 'लोकहितवादी' म्हणून ओळखतात, म्हणजे शाळेत एक गुणाच्या प्रश्नापुरते ओळखतात. 'शतपत्रे कोणी लिहिली?' उत्तर लिहिले, गुण मिळाला, ओळख संपली. मी स्वतः पुष्कळ वर्षे त्याच एका गुणावर काढली.

जन्म १८२३चा. वडील बापू गोखल्यांकडे फडणीस होते, म्हणजे हिशेबाचा वारसा घरातलाच. पेशवाई बुडून पाच वर्षे झालेली. वडील लवकर गेले. मुलगा इंग्रजी शिकला आणि सरकारी कचेरीत भाषांतरकार म्हणून लागला. इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी कोणाचीही होऊ शकेल. चिकटला म्हणायचे आणि पेढे वाटायचे. पण १८४८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, या नोकरदार गृहस्थाने मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकाला टोपणनावाने पत्रे लिहायला सुरुवात केली. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये काढलेले हे पत्र. १८५०पर्यंत पत्रे झाली एकशे आठ.

आता इथे बँकेतला माणूस अडखळतो. नाव 'शतपत्रे' आणि मोजल्यावर भरतात एकशे आठ! आमच्याकडे आठ रुपयांचा फरक लागला तर रात्री नऊपर्यंत कोणी घरी जात नाही. साहित्यात मात्र आठाचा फरक लागला तरी सगळे वेळेवर घरी जातात. असो. आठवड्याला एक पत्र धरले तर हे काम दोन वर्षे आणि वर चार आठवड्यांचे होते. कचेरी सांभाळून, तेलाच्या दिव्याखाली, बोरू शाईत बुडवून! मी मोबाईलवर बोट फिरवून महिन्याला एक लेख लिहितो आणि दुसऱ्या दिवशी मान धरली म्हणून पट्टा लावतो.

आणि लिहिले म्हणजे झाले असे नव्हे. ते मुंबईला पोहोचायला हवे. १८४८ साली बोरघाटात आगगाडी नव्हती. मुंबई-ठाणे गाडीच मुळी १८५३ची. टपालाची एकसारख्या दराची तिकिटे १८५४ मध्ये आली. त्याआधी पत्राचा दर अंतर आणि वजन पाहून ठरे. म्हणजे समाजसुधारणेवर चार ओळी जास्त लिहिल्या की हशील वाढण्याची भीती! ही पद्धत आजही लागू केली, तर मराठीतल्या पुष्कळ अध्यक्षीय भाषणांची प्रकृती सुधारेल.

छपाईचे यंत्रतंत्रही पाहण्याजोगे होते. मुंबईत मराठी छपाईचा पाया घालणाऱ्यांत गणपत कृष्णाजी हे मोठे नाव. त्यांनी सुरुवात केली ती शिळाछापावर. चांगल्या अक्षराच्या माणसाने चिकट, तेलकट शाईने कागदावर मजकूर लिहायचा. तो गुळगुळीत दगडावर दाबून उलटा उतरवायचा. दगड पाण्याने ओला करायचा. मग त्यावरून शाईचा रूळ फिरवला की ओल्या दगडाला शाई लागत नाही, तेलकट अक्षरांना तेवढी लागते. वर कोरा कागद दाबला की मजकूर सुलट उमटतो. तेल आणि पाण्याचे जमत नाही, या घरगुती सत्यावर एक अख्खा धंदा उभा राहिला! पुढे शिशाचे खिळे आले. पण देवनागरी ही एकत्र कुटुंबातली लिपी. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे, सगळे एकमेकांच्या खांद्यावर बसलेले. इंग्रजीचे सव्वीस अक्षरांत भागते, इथे खिळ्यांचे शेकडो प्रकार लागत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये 'निर्णयसागर' काढला आणि राणू रावजी आरूंनी त्यासाठी असे देखणे खिळे घडवले की छापील मराठीला रूप आले.

ही कटकट संगणकावरही संपली नाही. एका यंत्रावर लिहिलेले 'श्रीमंत' दुसऱ्या यंत्रावर उघडले की चौकोन, टिंबे आणि भलतीसलती अक्षरे दिसत, कारण तिथे तो फाँट नसे. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले होते, पण ते आपल्या घरापर्यंत पोहोचायला दहा-पंधरा वर्षे गेली. आज माझ्या खिशातला फोन 'ज्ञ' सुद्धा न कुरकुरता काढून देतो. दगड गेला, खिळे गेले, फाँटाचे भांडण मिटले. आता लेखकाला सबब म्हणून एकच गोष्ट उरली: वेळ नाही.

गोपाळरावांनी या पत्रांतून लिहिले तरी काय? गोड काहीच नाही. अर्थ न कळता घोकलेली विद्या, बालविवाह, विधवांचे हाल, आपल्याच जातीचा पोकळ ताठा, आळस, परदेशी मालाची हौस, यांवर त्यांनी कोरडे ओढले. देशी माल वापरा, हे त्यांनी स्वदेशीच्या चळवळीआधी अर्धशतक सांगितले. वाचकाला खूश ठेवण्याचे धोरण अजिबात नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर अंगठा मिळण्याची शक्यता शून्य.

पण नुसते कागद काळे करून ते थांबले नाहीत. त्याच १८४८ साली पुण्यात सार्वजनिक वाचनालय निघाले, आजचे पुणे नगर वाचन मंदिर. त्याच्या उभारणीत गोपाळराव होते. त्याच वर्षी, त्याच गावात, फुले पतिपत्नींनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. एका वर्षात एका गावात केवढी ही कामे! आणि 'पुण्यात त्या वर्षी कोणाला वेळ होता' असे कोणी म्हणत नाही.

वाचनालयावरून सांगतो. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक खोली आहे. तीत दोन कपाटे, चारेकशे पुस्तके आणि एक डुगडुगते टेबल. गेल्या सर्वसाधारण सभेपुढे ठराव आला: लोकांचे पार्सलांचे खोके ठेवायला जागा नाही, तेव्हा ही खोली द्यावी. विरोध म्हणून मी दर रविवारी सोसायटीच्या मोबाईल गटावर एकेका पुस्तकाबद्दल आठ-दहा ओळी टाकू लागलो. प्रतिसाद उत्तम होता. सोळा जणांकडून हात जोडल्याचे चित्र आले. त्यातले नमस्कार किती आणि 'आता पुरे' किती, हे कळायला मार्ग नाही. जिन्याखालच्या फळ्यावर मी तोच मजकूर कागदावरही लावी. तो मात्र दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा चष्मा वर करून वाचत आणि पेन्सिलीने ऱ्हस्वदीर्घ सुधारून ठेवत. मला एक वाचक मिळाला, तोही फुकटचा मुद्रितशोधक.

सभेत शेवटी मराठी माणसाला शोभेल असाच निकाल लागला. पुस्तके भिंतीच्या वरच्या फळ्यांवर, पार्सले खाली. मी खट्टू झालो. पण एके दिवशी सुट्टी होती म्हणून दुपारी खाली गेलो, तर खोके घेऊन आलेला एक पोरगा मालकीणबाई खाली येईपर्यंत टेबलाला टेकून पुस्तक वाचत होता. बाई आल्या, त्याने अंक विचारला, फोनवर दाबला आणि जाता जाता मला म्हणाला, "काका, हे उद्या परत आणून दिलं तर चालेल का?" आमच्या वाचनालयाची ही पाच वर्षांतली पहिली देवघेव.

गोपाळरावांना असे कोण भेटले असेल? प्रतिकूल वाचक तरी भरपूर भेटले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि तीत पंचवीस वर्षे जुन्या या पत्रांचा असा समाचार घेतला की वाचताना आजही अंगावर शहारा येतो. आचार आणि उच्चार यांत अंतर आहे, असाही ठपका गोपाळरावांवर आला. मला यात एक गोष्ट दिसते. जे लिहिणे दोन तपांनंतरही कोणाला रागाने उठवून टेबलाशी बसवते, ते वाया गेले असे कसे म्हणावे? शास्त्रीबुवांनी स्वतःही 'माला' सात वर्षे चालवली, तीही आधी सरकारी शाळेची नोकरी सांभाळून. एका वेळ नसलेल्या माणसाला उत्तर द्यायला दुसरा वेळ नसलेला माणूसच लागतो.

दरम्यान गोपाळराव वाईला मुन्सफ झाले, पुढे अहमदाबादेत न्यायाधीश झाले. तिथेही गुजराती मंडळींच्या सभा-संस्थांत शिरले. पेन्शन घेतल्यावर तरी माणसाने पर्वतीवर फिरायला जावे! यांनी १८८२ मध्ये 'लोकहितवादी' नावाचे मासिक काढले, पुढे रतलामची दिवाणगिरी केली. १८९२ मध्ये गेले तेव्हा नावावर तीसच्या वर पुस्तके होती.

हे सगळे मी परवा रात्री मोठ्या उत्साहाने सौ.ला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अहो, त्यांच्याकडे सकाळचं दूध कोण आणत होतं?"

मी मुकाट्याने पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि पाचचा गजर लावला. लिहायलाही तीच वेळ बरी.