स्वयंचलित गिअरपेटी, मोटारगाडीची : दोषनिदानाचा इतिहास

मोटारगाडीचा वेग व एंजिनावरील भार यांनुसार गिअर आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेस स्वयंचलित गिअरपेटी म्हणतात. गिअर उशिरा बदलणे, बदलताना धक्का बसणे, एंजिनाचे फेरे वाढूनही गाडीचा वेग न वाढणे (घसरणे) आणि एखादा गिअर मुळीच न पडणे हे तिचे प्रमुख दोष होत. ही पेटी उघडून पुन्हा जुळविणे खर्चाचे व कौशल्याचे काम असते. त्यामुळे ती न उघडताच दोषाचे स्थान ठरविण्याच्या पद्धती क्रमाक्रमाने विकसित झाल्या.

प्रारंभ : फोर्ड कंपनीच्या १९०८ मधील ‘मॉडेल टी’ गाडीत ग्रहीय दंतचक्रे व ती रोखून धरणारे घर्षणपट्टे होते, तथापि ते पायांनी चालवावे लागत. त्यामुळे पट्टा सैल पडल्याचे चालकाला पायाखालीच जाणवत असे. जनरल मोटर्स कंपनीने १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ ही पेटी विक्रीस आणली. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली ही पहिली पूर्णतः स्वयंचलित पेटी होय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘एम ५’ या हलक्या रणगाड्यांतही ती बसविण्यात आली. तिच्यात पट्टे व क्लच तेलाच्या दाबाने चालत. परिणामी चालकाच्या पायाला मिळणारी सूचना नाहीशी झाली आणि निदानाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

द्रवीय नियंत्रणाचा काळ : या पेट्यांत गिअर बदलणाऱ्या झडपेवर दोन परस्परविरोधी दाब कार्य करीत. एक दाब गाडीच्या वेगाबरोबर वाढे, तर दुसरा एंजिनावरील भाराबरोबर. पहिला दुसऱ्यावर मात करी, तेव्हा वरचा गिअर पडे. त्यामुळे गिअर फार उशिरा बदलत असल्यास ॲक्सिलरेटरची जोडणी चुकीची असणे किंवा वेगनियंत्रक अडकणे ही कारणे प्रथम तपासली जात. काही पेट्यांत भाराची सूचना एंजिनातील निर्वातावर चालणाऱ्या पडद्याद्वारे मिळे. हा पडदा फाटल्यास पेटीतील तेल एंजिनात ओढले जाऊन धुराड्यातून पांढरा धूर निघे. म्हणजे पेटीचा दोष एंजिनाच्या धुरावरून ओळखता येई.

क्रायस्लर कंपनीने १९५६ मध्ये आणलेली तीन गिअरांची ‘टॉर्कफ्लाइट’ पेटी या निदानपद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यात मागचा क्लच पुढे जाण्याच्या तिन्ही गिअरांत, तर पुढचा क्लच फक्त तिसऱ्या व उलट गिअरांत कार्य करतो. म्हणून गाडी तिसऱ्या व उलट गिअरांतच घसरत असेल, तर दोष पुढच्या क्लचकडे असतो. सर्व पुढच्या गिअरांत घसरते, पण उलट गिअर ठीक चालतो, तर तो मागच्या क्लचकडे असतो. नेहमीच्या चालन स्थितीतील पहिला गिअर घसरतो, मात्र दांडा पहिल्या गिअरवर ठेवला असता घसरत नाही, तेव्हा एकदिश क्लच बिघडलेला असतो. कोणता भाग कोणत्या गिअरात कार्य करतो याचा तक्ता समोर ठेवून निर्दोष भाग वगळत जाणे, हे या पद्धतीचे सूत्र होय. तिला दाबमापकाने केलेल्या मोजणीची आणि ब्रेक दाबून ठेवून एंजिन काही सेकंदच पूर्ण भाराने चालविण्याच्या चाचणीची जोड मिळाली. या चाचणीत फेरे ठराविक मर्यादेपेक्षा वाढल्यास क्लच किंवा पट्टा घसरत असल्याचा निष्कर्ष काढतात.

तेलाचे महत्त्व : या तेलाला ओळखीसाठी लाल रंग देत. काळपट रंग व जळका वास घर्षण-अस्तर जळाल्याचे, तर दुधाळ रंग तेलात पाणी शिरल्याचे लक्षण मानतात. गिअर सुरळीत पडावा म्हणून तेलात स्पर्म देवमाशापासून मिळणारे तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेने या प्राण्याला कायदेशीर संरक्षण दिल्यावर उत्पादकांना पर्यायी संयुगे शोधावी लागली. घर्षणाचे गुणधर्म जुळत नसलेले तेल घातल्यास निर्दोष पेटीतही थरथर निर्माण होऊ शकते.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण : १९८० च्या दशकात झडपांचे नियंत्रण संगणकाकडे जाऊ लागले. १९८९ च्या क्रायस्लर ‘अल्ट्राड्राइव्ह’ पेटीत संगणक येणाऱ्या व जाणाऱ्या दंडांच्या वेगांची तुलना करून क्लचच्या झिजेनुसार दाबाची वेळ बदलत असे. गंभीर दोष आढळल्यास पेटी दुसऱ्या गिअरवर स्थिर होई व गाडी कशीबशी कार्यशाळेपर्यंत नेता येई. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारगाड्यांत प्रमाणित दोषसंकेत अनिवार्य झाले. तथापि संकेत परिणाम सांगतो, कारण नव्हे. ‘पी ०७३१’ हा संकेत पहिल्या गिअराचे गुणोत्तर चुकल्याचे दर्शवितो. त्यामागे कमी तेल, झिजलेला क्लच, अडकलेली झडप किंवा बिघडलेला वेगसंवेदक यांपैकी काहीही असू शकते. केवळ संकेतावर विसंबून पेटी उघडल्यास मोठा खर्च व्यर्थ जाण्याचा संभव असतो. म्हणून तेलाची पातळी तपासणे, गाडी चालवून पाहणे व दाब मोजणे हा जुना क्रम संगणकाच्या काळातही टिकून आहे.