पाळणा आणि रक्तदाब

डॉक्टर आपल्या दंडाला पट्टी आवळतात, हातांतला रबरी फुगा दाबतात आणि क्षणभर कान देऊन एक आंकडा सांगतात. ही पट्टी इटलींतील रीवा-रोची यांनीं १८९६ सालीं काढली. आंकडा चढलेला निघाला म्हणजे चौकशी सुरू होते: मीठ किती खातां, तंबाखू ओढतां काय, झोंप लागते कीं नाहीं? चौकशी रास्त आहे. परंतु ती सारी कालपरवांची. आपण जन्मलां तेव्हां वजनांत किती भरलां आणि कसल्या घरांत वाढलां, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. हा प्रश्न वैद्यकाला कसा सुचला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ सैन्यभरतीपासून करावा लागेल. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धाच्या वेळीं भरतीला आलेल्या इंग्रज तरुणांपैकीं पुष्कळ जण अशक्त म्हणून परत पाठवावे लागले, आणि साम्राज्याच्या धुरीणांची झोंप उडाली. त्या काळीं इंग्लंडांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं दीडशेंच्या आसपास मुलें वर्षाच्या आंतच दगावत. तोफेपुढें उभीं करावयास माणसें हवींत म्हणून कां होईना, सरकारचें लक्ष पाळण्याकडे गेलें.

लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशायर परगणा आहे. तेथें एथेल मार्गारेट बर्नसाइड नांवाच्या बाई सुइणींच्या निरीक्षक होत्या. १९११ पासून त्यांनीं एक शिस्त घालून दिली. सुईण बाळाचें जन्मवजन टिपून घेई. मग आरोग्यसेविका वर्षभर त्या घरीं फेऱ्या घाली. बाळ अंगावर पितें कीं बाटलीवर, कोणतीं दुखणीं झालीं, वर्षाअखेर दांत किती आले, वजन किती भरलें, हें सारें परगण्याच्या जाडजूड वह्यांत उतरे. तान्हें मूल जगावें, एवढाच त्यामागें हेतु. (माझ्या स्वतःच्या जन्माचें टिपण घरीं जपून ठेवलेलें आहे. तिथि, वार, नक्षत्र, घटका, पळें सारें त्यांत आहे. वजन तेवढें नाहीं.)

पुढें त्या वह्या मिटल्या. त्या पुन्हां उघडावयास कारण झालें तें एका कोड्याचें. हृद्रोग हा सुखवस्तूंचा रोग, अशी समजूत होती. परंतु इंग्लंडच्या नकाशावर पाहावें तों त्यानें मरणारे लोक अधिक होते ते गरीब भागांत! साउदॅम्प्टनचे डॉक्टर डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी क्लाइव्ह ऑस्मंड यांनीं १९८६ सालीं देशाच्या २१२ भागांची तुलना केली. जेथें १९२१ ते १९२५ या काळांत तान्हीं मुलें अधिक मेलीं होतीं, तेथेंच १९६८ ते १९७८ या काळांत प्रौढ माणसें हृद्रोगानें अधिक मरत होतीं. नॉर्वेंतील डॉक्टर आंडर्स फॉर्सडाल यांनीं १९७७ सालींच आपल्या देशाविषयीं असाच निष्कर्ष मांडला होता. पण त्याकडे त्या वेळीं फारसें कोणी वळून पाहिलें नाहीं.

बार्कर यांनीं लँकशायरमधील बर्नली, कोल्न व नेल्सन हीं तीन गांवेंहि तपासलीं. तिन्ही एकमेकांस खेटून, तिन्ही कापडाच्या मागांवर पोसलेलीं. तरी बर्नलींत मृत्यु अधिक, नेल्सनमध्यें कमी. हल्लींच्या राहणीवरून हा फरक उलगडेना. उलगडला तो जुन्या दप्तरांवरून. शतकाच्या आरंभीं बर्नलींतील वस्ती जुनी व दाटीची होती. नेल्सन नवें वसलेलें, घरें बरीं, आणि तेथील आया खेड्यापाड्यांतून आलेल्या, अंगानें धडधाकट. दोन गांवांच्या मधली वेस ओलांडावयास कितीसा वेळ लागतो? पण कोणत्या बाजूला पाळणा हलला, याचा हिशेब पन्नास वर्षांनीं चुकता झाला.

मग हर्टफर्डशायरच्या वह्या सांपडल्या. १९११ ते १९३० या काळांत जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढण्यांत आला. (लग्नानंतर आडनांव बदलत असल्यानें बायकांचा माग लागणें कठीण, म्हणून आरंभीं पुरुषच.) हृद्रोगाच्या मृत्यूचें देशाचें प्रमाण १०० धरलें, तर पहिल्या वर्षाअखेर ज्यांचें वजन १८ पौंड किंवा त्याहून कमी होतें त्यांच्यांत तें १११ निघालें, २७ पौंड किंवा अधिक असलेल्यांत अवघें ४२.

रक्तदाबाचा प्रत्यक्ष पुरावा आला प्रेस्टन गांवाहून. १९३५ ते १९४३ या काळांत तेथील एका रुग्णालयांत जन्मलेलीं ४४९ माणसें पन्नाशीच्या सुमारास तपासलीं. जन्मवजन साडेपांच पौंडांपासून साडेसात पौंडांच्या वर गेलें, तसा वरचा दाब ११ मिलिमीटरनीं उतरलेला दिसला.

असें कां व्हावें? मूत्रपिंडांतील सूक्ष्म गाळण्या जन्मापूर्वींच घडून पुऱ्या होतात; नंतर एकहि नवी होत नाहीं. गर्भाला अन्न कमी पडलें तर तो मेंदू राखतो आणि इतरत्र काटकसर करतो. ज्याच्या वांट्याला गाळण्या कमी, त्याचें रक्त गाळून निघावयास अधिक दाब लागतो, असें ब्रेनर यांनीं १९८८ सालीं सुचविलें.

मात्र एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. २००२ सालीं अनेक पाहण्यांचा एकत्र विचार झाला, तेव्हां पाहणी जितकी मोठी तितका हा परिणाम लहान दिसला. तीन हजारांहून अधिक माणसांच्या पाहण्यांत तर दर किलोमागें एक मिलिमीटरहि नाहीं. तेव्हां केवळ जन्मवजनावर सारा भार टाकणें मला पटत नाहीं. हेलसिंकी येथील नोंदी मला अधिक बोलक्या वाटतात. तेथें रक्तदाब विशेषेंकरून अशांना जडला, जे जन्मतः लहान होते आणि पुढें शाळेच्या वयांत झपाट्यानें वाढले. चणचणींत जन्म आणि नंतर सुबत्ता, ही जोड वाईट.

आणि ही जोड आपल्याकडे घरोघर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आयांची पाहणी सुरू केली. त्यांच्या बाळांचें जन्मवजन सरासरीनें २.७ किलो भरलें. साउदॅम्प्टनला तें साडेतीनच्या घरांत होतें. बाळांचें मांस कमी, पण चरबी मात्र त्या मानानें राखलेली. ज्या आया गरोदरपणांत पालेभाजी, फळें आणि दूध वरचेवर घेत, त्यांचीं बाळें वजनानें अधिक भरलीं. तीं मुलें सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षीं पुन्हां तपासलीं गेलीं, आणि आतां तीं तिशीच्या आसपास आलीं आहेत. त्यांच्यांतल्या कित्येकींचे स्वतःचे पाळणे हलूं लागले असतील.