साथ, मोडशी आणि लस

‘गावात साथ आहे’ एवढे ऐकले की मराठी माणूस सावध होतो. कशाची साथ, हे मागाहून विचारायचे. आधी पिण्याचे पाणी उकळायचे आणि पोरांना घरात घ्यायचे. हीच साथ तबलजी गवयाला देतो, मित्र मित्राला देतो. शब्द एकच, लिंगही एकच. त्याचे मूळ संस्कृत ‘सार्थ’. सार्थ म्हणजे मिळून प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा, आणि तांड्याचा म्होरक्या तो सार्थवाह. प्राकृतात त्याचे ‘सत्थ’ झाले आणि मराठीत ‘साथ’.

तांड्यांबरोबर रोग फिरतात हे ओळखून कुणी रोगाला साथ म्हटले, असे म्हणणे ओढूनताणून होईल. एका वेळी पुष्कळांना धरतो तो साथीचा रोग, एवढाच हिशेब त्यामागे असावा. पण इतिहासाने या व्युत्पत्तीची लाज राखली. 1894मध्ये हाँगकाँगला प्लेग होता, 1896मध्ये तो मुंबईत मांडवीला उतरला. मांडवी म्हणजे बंदराजवळची, धान्याच्या गोदामांची वस्ती. माल जिथे थांबतो तिथे उंदीर, आणि उंदराच्या अंगावर पिसू. जुन्या सार्थाची जागा आगबोटीने घेतली होती इतकेच. पिसवेचा हा धागा 1898मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उलगडला. आपल्या खेड्यांनी मात्र खूण आधीच ओळखली होती. घरात ‘उंदीर पडू लागले’ की माणसे गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. कारण ठाऊक नव्हते, पण उपाय बिनचूक होता.

आता ‘संसर्ग’ घ्या. हा ‘सृज्’ धातूच्या मोठ्या घराण्यातला. सृज् म्हणजे सोडणे, निर्माण करणे. विसर्जन, उत्सर्जन, निसर्ग, व्याकरणातला विसर्ग आणि उपसर्ग ही सगळी त्याची भावंडे. संसर्ग म्हणजे एकमेकांत मिसळणे, निकटचा संबंध. मुळात त्यात वाईट काही नाही. रोगाची बाधा त्याला पुढे चिकटली. उपसर्गाचेही तसेच. व्याकरणात तो धातूच्या पुढे येऊन बसतो, वैद्यकात तो माणसाच्या मागे लागतो. सुश्रुतसंहितेत एकापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांना ‘औपसर्गिक’ म्हटले आहे आणि त्यांच्या वाटाही सांगितल्या आहेत: निकटचा सहवास, अंगाला अंग लागणे, श्वास, एकत्र जेवण, एका बिछान्यावर झोपणे, दुसऱ्याचे कपडे, माळा, उटणी वापरणे. रोगांच्या यादीत कुष्ठ, ज्वर आणि शोष, म्हणजे क्षय, यांच्याबरोबर डोळे येणेही आहे. आजही डोळे आले की आई पहिल्यांदा टॉवेल वेगळा काढते, तो वर सांगितलेल्या वाटांमधला शेवटला भाग.

सुश्रुताच्या त्या वाटांत दोन वाटा नाहीत: पाणी आणि डास. त्या उमगायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. जॉन स्नो यांनी 1854मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाशी पटकीचा संबंध जोडला, आणि रोनाल्ड रॉस यांना 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. ‘मलेरिया’ हे नाव इटालियन. अर्थ वाईट हवा. म्हणजे नावातच चुकीचे निदान! आपला ‘हिवताप’ कारणाच्या भानगडीत पडत नाही. हीव भरते, मग ताप चढतो. जे अंगाला कळते तेवढेच तो सांगतो. त्यामुळे तो चुकत नाही, पण डासाचा पत्ताही देत नाही.

अंगाला कळते त्यावरून नाव ठेवायची ही मराठी खोड ‘मोडशी’त छान दिसते. हा शब्द आता अजीर्णापुरता उरला आहे, पण कोकण-गोव्यात तो एकेकाळी पटकीसारख्या जुलाब-वांत्यांच्या जीवघेण्या दुखण्याला लावत. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्टा यांचा औषधी द्रव्यांवरचा संवादग्रंथ 1563मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात या रोगाचे जवळून केलेले वर्णन आहे आणि त्याचे स्थानिक नावही. पोर्तुगीजांच्या तोंडी त्या नावाचे ‘मोर्देशीं’ झाले. फ्रेंचांना ते ‘मोर द शियँ’ असे ऐकू आले, आणि त्याचा त्यांच्या भाषेत चक्क अर्थ लागला: कुत्र्याचे मरण! इंग्रज लेखकही तेच नाव गिरवू लागले. कोशकारांनी मागे जाऊन पाहिले तर कुत्रा कुठेच नव्हता. होते ते आपले ‘मोडणे’. अंग मोडते, माणूस काही तासांत मोडून पडतो, ती मोडशी. जुलाब, वांत्या यांनी शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेले की नेमके हेच घडते. म्हणूनच साखर-मिठाच्या पाण्याने या रोगात इतके जीव वाचतात.

याच ‘मोडणे’चे दुसरे अपत्य म्हणजे ‘मानमोडी’. 1918च्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्राने दिलेले हे नाव. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे. ‘इन्फ्लुएंझा’ या इटालियन शब्दाचा अर्थ प्रभाव. ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने हा रोग होतो अशी जुनी समजूत. आपण ताऱ्यांकडे पाहिले नाही, मान मोडली तेवढी पाहिली.

जिथे अंगाची भाषा अपुरी पडली तिथे देवाची आली. ‘मृ’ धातूवरून मरी, मरीवरून मरीआई, जोडशब्द जरीमरी. मुंबईत कुर्ल्याजवळची एक अख्खी वस्ती आज या नावाने ओळखली जाते. पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या शिवेवर लोटायचा. रोग घालवण्याची ही रीत म्हणजे रोग दुसऱ्याच्या दारात ठेवण्याची रीत होती, आणि गाड्यामागून चालणारी गर्दी साथीला मदतच करी.

‘देवी’ची कथा याहून चमत्कारिक आहे. देवी येणे म्हणजे रोग होणे, आणि ‘देवी काढणे’ म्हणजे त्याच रोगाविरुद्ध टोचून घेणे. एकाच देवीच्या नावाने भय आणि अभय दोन्ही! टोचायचे ती ‘लस’. आज आपल्याला लस म्हणजे बाटलीतले औषध वाटते, पण लस हा फोडातून, जखमेतून पाझरणाऱ्या चिकट पाण्याचा जुना शब्द. आयुर्वेदात त्याला ‘लसीका’ म्हणतात. एडवर्ड जेन्नर यांनी 1796मध्ये गाईच्या देवीच्या फोडातलेच असे पाणी मुलाला टोचले होते, आणि गाईच्या लॅटिन ‘वाक्का’ या नावावरून ‘व्हॅक्सिन’ आले. युरोपने गाय धरली, आपण पाझर धरला. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला बगदाद-बसऱ्यामार्गे आलेली लस टोचली गेली. हिंदुस्थानातले हे पहिले यशस्वी लसीकरण. पुढे तिच्या दंडावरच्या फोडातली लस इतर मुलांना टोचली आणि त्यांच्याकडून ती पुणे-सुरतेकडे गेली. शीतपेटी नव्हती, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी ती जात असे. रोगाच्याच वाटेने रोगाचा उतारा पाठवायचा, ही त्यातली युक्ती. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे 1975मध्ये सापडला आणि 8 मे 1980 रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. माणसाने पृथ्वीवरून समूळ घालवलेला हा आजवरचा एकमेव मानवी रोग.

शेवटी 2020ने घरोघर पोचवलेली जोडी: विलगीकरण आणि अलगीकरण. जो आजारी पडला आहे त्याला वेगळे ठेवणे ते विलगीकरण. जो रोग्याच्या संपर्कात आला आहे, पण अजून धडधाकट दिसतो, त्याला काही दिवस थांबवून पाहणे ते अलगीकरण, म्हणजेच क्वारंटाइन. ‘क्वारंटाइन’ आला तो व्हेनिसने जहाजांना थांबवून ठेवायच्या चाळीस दिवसांवरून. 1897च्या प्लेगात पुण्यात रोग्यासाठी इस्पितळ आणि घरच्यांसाठी सेग्रिगेशनची छावणी असा हाच भेद होता, पण सोजिरांच्या झडत्यांनी तो समजावण्याऐवजी लादला, आणि लोक रोग लपवू लागले. कोविडच्या काळातही बातम्यांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वावरले. एकाच खोलीत दोघांना कोंडले तर अलगीकरणातला माणूस विलगीकरणात जायला वेळ लागत नाही. तसेच ‘संसर्गजन्य’ आणि ‘साथीचा’ यांचे. धनुर्वात जंतूंमुळेच होतो, पण तो एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्याच्या रोग्यापासून दूर पळणे हा निव्वळ अडाणीपणा.

रोगाचे नाव लक्षणावरून पडो की देवीवरून, त्याला आवर घालता येतो तो त्याची वाट कळल्यावरच. पाण्याने येणाऱ्यासाठी पाणी, डासाने येणाऱ्यासाठी डबकी, श्वासाने येणाऱ्यासाठी खिडकी आणि मुखपट्टी. तेव्हा यापुढे नुसते ‘साथ आली आहे, काळजी घ्या’ अशी पाटी लावणाऱ्यांनी त्याखाली एक ओळ वाढवावी: ती कोणत्या वाटेने आली आहे.