षष्टिमान पद्धतीतील सात

इ. स. पूर्व १८०० च्या सुमारास बाबिलोनियातील लेखनिक भागाकार करी तो व्यस्तांकाच्या द्वारे. ८ ने भागावयाचे म्हणजे मृत्तिकाफलकावरील कोष्टकात ८ समोरील ७, ३० ही संख्या पाहावयाची व तिने गुणावयाचे. कारण एकाचा अष्टमांश म्हणजे साडेसात साठांश होय. २७ चा व्यस्तांक २, १३, २०. हे कोष्टक ६ नंतर एकदम ८ वर येते. ७ वगळला गेला तो नजरचुकीने नव्हे. ज्या संख्येस २, ३ व ५ यांखेरीज अन्य मूळ अवयव नाही, तिचाच व्यस्तांक ६० च्या पायावर सांत होतो. १ ते ६० मध्ये अशा संख्या २६ आहेत. दशमानात अवघ्या १२. ७ च्या व्यस्तांकात ८, ३४, १७ हे त्रिक अखंड आवर्तत राहते.

त्याहून जुन्या काही कोष्टकांत ७ पुढे केवळ नकार नोंदलेला आढळतो. उदाहरणांत असा भाजक आलाच, तर त्यास कशाने गुणिले असता इष्ट संख्या येईल, असे विचारून लेखनिक लगेच उत्तर देतो. ते सुबक येते, कारण उदाहरण उत्तरावरूनच रचिलेले असते!

विभाज्यतेच्या सोयीस्तवच ६० हा पाया निवडला गेला, हे चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या थिऑनचे मत अद्याप पुनरुक्त होते. ते ग्राह्य वाटत नाही. सुमेरी हिशेबांतील ६० चे गट या कोष्टकांहून कितीतरी प्राचीन आहेत, आणि ६० च्या आतील अंक तर १ व १० यांच्या दोनच खुणांनी लिहीत.