सातबारा उताऱ्याचे संगणकीकरण

सातबारा उताऱ्याचे संगणकीकरण हा शेतजमिनींचे हस्तलिखित अधिकार अभिलेख संगणकावर आणण्याचा महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागाचा प्रकल्प आहे. माहिती तंत्रज्ञानाचा लाभ केवळ यंत्रे बसवून मिळत नाही. त्यासाठी कामाची रीतही बदलावी लागते, याचे हा प्रकल्प एक ठळक उदाहरण मानता येईल.

पार्श्वभूमी

गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना १२ (पिकांची नोंदवही) यांचा एकत्रित उतारा म्हणजे सातबारा. पीककर्ज, खरेदी-विक्री व वारसनोंद यांसाठी तो आवश्यक असतो. पूर्वी तो मिळवण्यासाठी शेतकऱ्याला तलाठ्याची गाठ घ्यावी लागे.

कामकाजातील बदल

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने ‘ई-फेरफार’ ही प्रणाली विकसित झाली. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या दस्ताची माहिती तीद्वारे थेट महसूल यंत्रणेकडे जाते. तलाठी फेरफार नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. अधिकाऱ्यांची पदे तीच राहिली. मात्र वहीची जागा संगणकाने व शाईच्या सहीची जागा डिजिटल स्वाक्षरीने घेतली.

अडचणी

जुन्या नोंदींतील चुका संगणकातही उतरल्या. खातेदारांची नावे चुकणे, खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी न जुळणे असे दोष आढळले. त्यामुळे गावोगावी चावडी वाचन करून संगणकीकृत उतारे मूळ अभिलेखांशी ताडून पाहण्यात आले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे.

लाभ

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून देण्यास प्रारंभ झाला. तो शुल्क भरून संकेतस्थळावरून घेता येतो व शासकीय कामांसाठी ग्राह्य धरला जातो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबवलेल्या ‘ई-पीक पाहणी’मुळे शेतकऱ्याला मोबाइलवरून स्वतःच्या पिकाची नोंद करता येऊ लागली.

मर्यादा

संगणकीकरणाने नोंदीचे कायदेशीर स्वरूप बदललेले नाही. अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ती मालकीचा निर्णायक पुरावा ठरत नाही. मालकीचा वाद निर्माण झाल्यास त्याचा निवाडा दिवाणी न्यायालयातच होतो.